यंत्र जरूर आणा, पण आधी ती खोली उघडा
एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रुग्णालयाचे दोन कागद माझ्या नजरेस पडले. पहिला टपालाने घरी आला. चार पानी, रंगीत, गुळगुळीत : देणगीचे आवाहन. रक्तातला कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर काढणारे अत्याधुनिक यंत्र रुग्णालयात येत आहे, जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णांना आता व्हेंटिलेटरची भीती उरणार नाही, तेव्हा जुन्या रुग्णांच्या कुटुंबीयांनी यथाशक्ती हातभार लावावा, असा मजकूर. दुसरा कागद तळमजल्यावर, फिजिओथेरपीच्या मागच्या खोलीच्या दाराला सेलोटेपने चिकटवलेला होता. ‘जागेअभावी श्वसनाच्या व्यायामाचा वर्ग व मशीन वापरायला देण्याची सोय पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ चौकशी केली तेव्हा कळले की वर आयसीयू वाढतोय, नव्या यंत्रासाठी जागा करायची आहे, म्हणून तिथले स्टोअर खाली या खोलीत येणार.

दोन्ही कागद एकाच आजाराच्या, बऱ्याचदा त्याच त्या माणसांबद्दल आहेत, हे बहुधा कुणाच्या ध्यानात आले नसावे. मी आधी ई-मेल केला होता. ‘आपला संदेश मिळाला’ एवढेच उत्तर आले. म्हणून आता उघड लिहिते आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. तुम्हाला हे पत्र हाती दिले आहे, तेवढे पुरे. ठाण्यापासून पनवेलपर्यंत ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी आपापल्या रुग्णालयाला हेच प्रश्न विचारले तरी माझी हरकत नाही.

मी कोपरखैरण्याला राहते, एका पतपेढीत नोकरी करते. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला माथाडी होते. पाटण तालुक्यातून तरुणपणी आले आणि मिरचीची पोती वाहण्यात उमर गेली. जोडीला बिडी होतीच. ती सुटली तेव्हा उशीर झाला होता. आज ते एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा तो जुनाट फुप्फुसविकार. आमच्या वसाहतीत याला सरसकट ‘दमा’ म्हणतात आणि वय झाले की व्हायचाच असे धरून चालतात. घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत दार वाजवत गेलात तर प्रत्येक जिन्यात एखादे घर असे सापडेल. त्यात बायकाही आहेत, ज्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही; गावाकडे चुलीपुढे बसून त्यांनी तेवढाच धूर गिळला. देशात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. रात्री एमआयडीसीकडून वास सुटला की आमच्याकडे खिडक्या लावून घेतात, हे तुमच्या आवाहनात कुठे नाही, पण आजाराच्या हिशेबात धरायला हवे.

आता त्या कार्बन डायऑक्साइडबद्दल. आबांच्या आजारात घरचे सगळे ऑक्सिजनकडे बघत बसतात. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९० दिसले की निश्चिंत. पण फुप्फुसांची लवचिकता गेली, श्वासनळ्या अरुंद झाल्या, की भाता सैल पडल्यासारखे होते : हवा आत जाते, बाहेर पुरती येत नाही. मग कार्बन डायऑक्साइड रक्तात साचत जातो आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. दिसतो तो माणसाच्या वागण्यात. सकाळी डोके जड. दिवसा पेंग. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून देणे. आबांच्या बाबतीत पहिल्यांदा माझ्या आईच्या लक्षात आले ते बशीवरून. चहाची बशी धरली की हात थरथरत नव्हता, मधूनच पंजा एकदम सैल पडायचा आणि चहा सांडायचा. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे पसरायला, मनगटे वर उचलून धरायला सांगितले, तेव्हा तेच झाले. मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले. त्याला एबीजी म्हणतात आणि ते दुखते. हातावरच्या शिरेतून रक्त काढण्यासारखे ते नाही. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये ३५ ते ४५ असतो. आबांचा ७८ होता. रक्ताचा पीएच (तो जितका खाली, तितके रक्त आम्ल) ७.३५ च्या खाली जायला नको; तो ७.२६ होता.

त्या रात्री आबांना वाचवले ते तुमच्याच रुग्णालयाने. हे मी विसरलेली नाही, आणि या पत्राचा सूर तुम्हाला कडक वाटला तर हे वाक्य पुन्हा वाचावे. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा आत ढकलणारे यंत्र, लावले, मास्क घट्ट बांधला, रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडम तासातासाने येऊन सेटिंग बघत होत्या. मास्कने नाकाच्या दांड्यावर जखम झाली, आबा दोनदा तो ओढून काढायला गेले, नर्सने हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले, “पोरी, मार्केट बंद हाय का आज?” दाब ५८ वर आला होता. ना नळी घशात घालावी लागली, ना रक्त शरीराबाहेर काढावे लागले.

म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढणारे यंत्र तुमच्याकडे आधीपासून आहे. बाहेरून, मास्कमधून काम करणारे. सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला : १४ रुग्णालये, सीओपीडी बळावून आलेले २३६ रुग्ण, साध्या वॉर्डात दिलेला मास्कचा श्वास. रुग्णालयातले मृत्यू २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. निम्मे. आयसीयूत नव्हे, वॉर्डात. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे आणि या आजारात यापेक्षा भक्कम आधार असलेले दुसरे यंत्र क्वचितच सापडेल.

तुम्ही आणत आहात ते यंत्र काय करते, हेही आवाहनापेक्षा सरळ शब्दांत सांगायला हवे, कारण चार पानांत ते नीट आलेले नाही. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत दोन मार्ग असलेली जाड नळी घालतात. एका मार्गाने रक्त बाहेर येते, बहुतेक यंत्रांत मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास, काहींत एक लिटरपर्यंत. ते बारीक पोकळ तंतूंच्या जुडीवरून जाते. तंतूंच्या आतून वायूचा झोत चालू असतो, त्यात कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्त दुसऱ्या मार्गाने परत शिरेत येते. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज पार होतो, म्हणून एवढ्याशा प्रवाहावर भागते. फुप्फुसांचे पूर्ण काम करणाऱ्या एक्मो यंत्राला लागतात तसे तीन-चार लिटर फिरवावे लागत नाहीत. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू ठेवावे लागते. कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात थिओडोर कोलोबो आणि लुचानो गातिनोनी यांनी अमेरिकेत ती मांडली. बुद्धिमान कल्पना आहे, यात शंका नाही. श्वास ओढून थकलेल्या छातीच्या स्नायूंना काही दिवस विसावा मिळतो. मात्र फुप्फुसे जिथे होती तिथेच राहतात. यंत्र काढले की पुन्हा त्याच फुप्फुसांनी श्वास घ्यायचा असतो.

आणि ऑक्सिजन हे यंत्र फारसा देत नाही. ज्याचा ऑक्सिजनच खाली चालला आहे, त्याला त्यातून मोठी मदत मिळत नाही. तुमच्या आवाहनात मात्र ‘कृत्रिम फुप्फुस’ असा शब्द ठळक टाइपात आहे.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. ‘व्हेंटिलेटरची भीती उरणार नाही’ हे वाक्य तुम्ही कशाच्या आधारावर छापले? जर्मनीतला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मास्कने भागत नाही अशा २५ रुग्णांना हे यंत्र लावले. १४ जणांची घशातली नळी टळली. पण ९ जणांना मोठा रक्तस्राव झाला. पंचविसात नऊ! हा आकडा मी माझ्या आईला सांगितला तर ती संमतीपत्रावर सही करण्याआधी निदान एक प्रश्न विचारेल. तुमच्या चार पानांत रक्तस्राव हा शब्दही नाही. त्यानंतर अमेरिकेत या यंत्राची रीतसर चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून, खास सीओपीडी बळावलेल्या रुग्णांवर. ११३ रुग्णांवर ती वेळेआधी थांबवावी लागली. व्हेंटिलेटरविना मिळालेल्या दिवसांत फरक पडला नाही. उलट मास्कवर असलेल्या ज्या रुग्णांची नळी टाळावी म्हणून हे यंत्र लावले, त्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणजे नेमका तोच रुग्ण, जो तुमच्या मुखपृष्ठावर हसतो आहे.

मी डॉक्टर नाही. एवढ्या लहान अभ्यासांवरून हे यंत्र कायमचे निकालात काढावे असे मी म्हणणार नाही, आणि तज्ज्ञ मंडळीही तसे म्हणत नाहीत. फुप्फुस प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्याला चार दिवस तग धरायला, किंवा व्हेंटिलेटरवरून काही केल्या सुटत नाही अशा एखाद्याला, अनुभवी हातांत त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ‘होऊ शकतो’ आणि ‘भीती उरणार नाही’ यांत जे अंतर आहे, ते देणगी मागताना तुम्ही ओलांडले आहे. ज्यांच्या घरात माणूस श्वासासाठी झगडतोय, त्यांच्याकडे तुम्ही पैसे मागत आहात. आमच्या वसाहतीतल्या एका मावशींनी पेन्शनमधून दोन हजार बाजूला काढून ठेवले आहेत, कारण ‘पुढच्या बारीला ह्यांना नळी घालायला नको’. त्यांना आता काय सांगायचे, हे तुम्हीच मला कळवा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत अशा ज्या यंत्राला २०२१ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, ते ज्या कंपनीकडे गेले तिने २०२४ मध्ये तो विभागच गुंडाळायला घेतला. तुम्ही कुठले यंत्र घेताय हे आवाहनात नाही. जे घ्याल त्याच्या नळ्या आणि जुड्या प्रत्येक रुग्णाला नव्या लागणार. त्या कोण पुरवणार, किती वर्षे, आणि एका रुग्णामागे खर्च किती? यंत्र देणगीतून येते, पण त्याचे रोजचे खाणे रुग्णाच्या बिलातून जाते.

दुसरी तक्रार त्या बंद खोलीची. खोली कशी होती ते विश्वस्तांपैकी कुणी पाहिले आहे का? मला तरी तिथे कधी कुणी दिसले नाही. लांबट, एका बाजूला पत्र्याची कपाटे, जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली, तिच्या दोन टोकांना दोन प्लास्टिकचे शंकू. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी वर्ग भरायचा. पिवळ्या पट्टीवरून सहा मिनिटे चालायचे, जमेल तेवढे. दम लागला तर भिंतीला टेकून उभे राहायचे, वेळ थांबवायची नाही. फिजिओ मुलगी हातात पाटी घेऊन फेऱ्या मोजायची. मग पाण्याच्या बाटल्या भरून हात वर-खाली. मग श्वास : नाकाने आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. जिना चढताना कुठल्या पायरीला श्वास सोडायचा, अंघोळ करताना बसायला स्टूल कसे ठेवायचे, इन्हेलर ओढल्यावर किती वेळ थांबायचे. आबांना इन्हेलर कित्येक वर्षे मिळत होता. तो तोंडात फवारायचा नसून श्वासाबरोबर आत ओढायचा असतो, हे त्यांना त्या वर्गात समजले. डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही, पण ओपीडीत माणसाला मिळतात तीन मिनिटे.

आबा पहिल्या दिवशी पट्टीच्या अर्ध्यावर बसले होते. पावसाळा संपता संपता ते घरून वर्गापर्यंत चालत जायला लागले, वाटेत बाकावर एक थांबा घेऊन. रात्री उशाला दोन उश्या लागायच्या त्या एकीवर आल्या. आणि त्यांना तिथे माणसे मिळाली. मार्केटमधला त्यांचा एक जुना सोबती, तुर्भ्याच्या दगडखाणीवर काम केलेले एक आजोबा, ऐरोलीच्या दोन बायका. एकमेकांचे बोटावरचे आकडे बघून थट्टा चालायची. वर्ग बंद झाला हे मी सांगितले तेव्हा आबा म्हणाले, “म्हंजे मंगळवारी आता जायाचं कुठं?” मला उत्तर देता आले नाही.

याला भावनिक प्रकरण समजून बाजूला ठेवू नये. श्वसन-पुनर्वसनाच्या ६५ चाचण्यांचा, ३८२२ रुग्णांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये काढला. दम कमी होतो, चालण्याची ताकद वाढते, जगणे सुसह्य होते, हे त्यात इतके स्पष्ट दिसले की ‘पुनर्वसन द्यावे की देऊ नये’ अशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असे त्यांनी नमूद केले. एका बाजूला इतका पक्का पुरावा असलेला वर्ग. त्याला लागते काय, तर खोली, दोन शंकू आणि एक फिजिओ. दुसऱ्या बाजूला अजून चाचपडणारे यंत्र. आणि जागा करायची वेळ आली तेव्हा खाली झाली ती वर्गाची खोली.

तिसरी तक्रार, मशीन वापरायला देण्याच्या सोयीची. आबांना घरी सोडताना छातीच्या डॉक्टरांनी सांगितले की रात्री बायपॅप चालू ठेवावा लागेल, निदान काही महिने. नवे मशीन पन्नास-साठ हजारांचे. विमा कंपनीने ‘घरी वापरायचे उपकरण बसत नाही’ म्हणून हात वर केले. आयसीयूचे बिल मात्र त्यांनी भरले होते. तुमच्या कपाटात तेव्हा चार मशीन होती, कुणा दात्यांनी दिलेली. पाच हजार अनामत ठेवून आम्हाला त्यातले एक मिळाले. आम्ही पुढे स्वतःचे घेतले आणि ते परत केले. नंतर ते घणसोलीला कुणाकडे तरी गेले. आता चारही मशीन स्टोअरच्या खोक्यांमागे पडून आहेत.

घरच्या बायपॅपचा उपयोग किती? जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १९५ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) कार्बन डायऑक्साइड कायम वाढलेल्या रुग्णांना घरी मास्कचे यंत्र नीट दाबावर दिले, तेव्हा वर्षभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये २०१७ च्या अभ्यासात, रुग्णालयातून सुटल्यावरही कार्बन डायऑक्साइड चढाच राहिलेल्यांना ऑक्सिजनबरोबर हे यंत्र दिले. पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा काळ साधारणपणे दीड महिन्याच्या आतून चार महिन्यांच्या पुढे गेला. हे सगळे अभ्यास तुमच्या डॉक्टरांना तोंडपाठ असणार. त्यांना विश्वस्तांच्या बैठकीत बोलावले होते का, हा माझा साधा प्रश्न आहे.

बाकीच्या दोन तक्रारी थोडक्यात. रात्री आठनंतर एबीजी तुमच्याकडे होत नाही. मशीन आहे, पण कार्ट्रिज संपलेली असते किंवा चालवणारा नसतो. नातेवाइकाने सिरिंज बर्फात ठेवून रिक्षाने दुसऱ्या लॅबला न्यायची. ज्या आयसीयूत रक्तातला कार्बन डायऑक्साइड काढायचे यंत्र येणार, तिथे तो रात्री मोजता येत नसेल तर यंत्र कुणाला लावायचे हे कसे ठरणार?

दुसरी, ऑक्सिजन. या रुग्णांना तो बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के इतकाच ठेवायचा असतो. धडाधड पूर्ण ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतच हा प्रयोग झाला होता, निकाल २०१० मध्ये आले : सीओपीडी असल्याचे नक्की झालेल्यांत बेताचा ऑक्सिजन दिलेल्यांपैकी २ टक्के गेले, भरपूर दिलेल्यांपैकी ९ टक्के. तुमच्या कॅज्युअल्टीत आजही आल्या आल्या मोठा मास्क आणि नॉब पूर्ण उघडा. आबांच्या खिशात मी ‘८८–९२’ लिहिलेला पुठ्ठा ठेवते. तो मलाच लिहावा लागला, आणि एका वॉर्डबॉयने तो कचऱ्यात टाकला.

आता पैशांबद्दल, कारण तुम्ही धर्मादाय म्हणून नोंदलेले आहात. महाराष्ट्रात अशा रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. नव्या यंत्राचा एक दिवसाचा खर्च या निधीतून गेला, तर त्यात किती जणांचे वर्षभराचे इन्हेलर बसले असते, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. आमच्यासारख्या घरातला रुग्ण या यंत्रावर गेला तर तो निधीतून जाणार की कर्ज काढून? आवाहनात याबद्दल एक ओळ नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

वर्ग पुढच्या महिन्यापासून सुरू करा, आठवड्यातून दोनदा, त्याच वेळेला, आणि चारही बायपॅप मशीन दुरुस्त करून पुन्हा फिरवायला लागा. मास्क नवे घ्या. जुने वापरायला देऊ नका. मशीन नेणाऱ्याला महिन्यातून एकदा फोन करणारे कुणीतरी नेमा. मशीन घरात येते, मास्क गळतो, माणूस कंटाळतो आणि ते कपाटावर जाते. हे टाळायला फक्त त्या फोनाएवढाच खर्च आहे. आमच्या भागात दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते, तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या रुग्णांसाठी एक-दोन भरलेले सिलिंडर अनामतीवर मिळायची सोयही त्यातच करावी.

एबीजी चोवीस तास झाला पाहिजे. यावर जास्त लिहीत नाही.

कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आणि रुग्णवाहिकेत ८८–९२ ठळक लावा. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाला डिस्चार्जच्या कागदाबरोबर तसे कार्ड द्या, म्हणजे माझ्यासारखीला पुठ्ठे कापावे लागणार नाहीत.

देणगीचे आवाहन मागे घ्या, किंवा दुरुस्त करून पुन्हा पाठवा. यंत्राचे फायदे आहेत तसे लिहा, रक्तस्राव आणि बाकीचे धोके लिहा, चाचण्यांत काय निघाले ते लिहा. ज्यांनी आधीच्या मजकुरावर पैसे दिले त्यांना परत मागायची मुभा द्या.

यंत्र आणायचेच असेल तर ते अभ्यास म्हणून आणा : नीतिविषयक समितीची मंजुरी, सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी, कुणाला लावायचे आणि कुणाला नाही याचे लेखी निकष, मराठीत समजेल असे संमतीपत्र, आणि त्या रुग्णाकडून यंत्राचे पैसे न घेणे. निकाल जे येतील ते, वाईट असले तरी, सहा-सहा महिन्यांनी जाहीर करा. एवढी तयारी असेल तर मी स्वतः दारोदार जाऊन तुमच्यासाठी देणगी गोळा करीन. मावशींचे दोन हजार तेव्हा मी निःशंक मनाने घेईन.

आणि विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत छातीच्या डॉक्टरांना, त्या फिजिओ मुलीला आणि रुग्णांच्या बाजूने दोघांना बोलवा. मी आले तर चालेल. दुसरे कुणी आले तरी चालेल. तासाभराचे काम आहे.

जागेची अडचण खरी असेल असे मी धरून चालते. नवी मुंबईत जागा कुणालाच पुरत नाही. म्हणून एक व्यवस्था विचारून ठेवली आहे. आमच्या वसाहतीचा हॉल मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी रिकामा असतो, कमिटीने भाडे न घ्यायचे कबूल केले आहे, आत चालायला पुरेशी लांबी आहे आणि तळमजला आहे, जिना नाही. पिवळी पट्टी आम्ही मारू. शंकू, ऑक्सिमीटर, एक सिलिंडर आणि फिजिओ तुम्ही पाठवा. हॉलची किल्ली वॉचमनकडे आहे. तुमच्या माणसाने फोन करून कुठल्या तारखेपासून येणार एवढे कळवावे. लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एका सीओपीडी रुग्णाची मुलगी
कोपरखैरणे, नवी मुंबई